नाव झाकलेले, कारभार उघडा



काही वर्षांपूर्वी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही दोघे एका बालगृहात गेलो होतो. नातेवाइकांची पंगत मांडण्यापेक्षा मुलांना जेवू घालावे, ही त्यांचीच इच्छा होती. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि संत्राबर्फी असा बेत होता. मुले ओळीने बसली, श्लोक झाला, पाने वाढली गेली. ह्यांनी सवयीने मोबाइल बाहेर काढला, तोच अधीक्षिकाबाई नम्रपणे पुढे आल्या. "काका, मुलांचे फोटो काढू नका. त्यांची ओळख बाहेर जाता कामा नये. गोपनीयतेचा नियम आहे." थोडे खट्टू होऊन ह्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

जेवणे चालू असताना माझे लक्ष एका मुलाकडे गेले. सात-आठ वर्षांचा असावा. बोटांच्या बेचक्यांत खरजेचे पुरळ होते आणि घास घेता घेता तो हात खाजवत होता. शेजारच्या दोघांच्या मनगटांवरही तशाच खुणा दिसल्या. निघताना मी बाईंना सहज विचारले, "डॉक्टर शेवटचे कधी येऊन गेले? सरकारची तपासणी समिती यंदा आली होती का?" बाईंचा स्वर तितकाच नम्र होता. त्या म्हणाल्या, "काकू, तेही गोपनीय असतं."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघेही गप्प होतो. एकाच दिवशी, एकाच दारात, एकाच शब्दाने आम्हाला दोनदा अडवले गेले होते. पहिल्यांदा अडवले ते योग्यच होते. दुसऱ्यांदा अडवले ते योग्य होते काय? आजच्या लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. देणगीदार म्हणून, आजी-आजोबा म्हणून, किंवा नातवंडांची काळजी वाहणारे म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना कधी ना कधी या दारापाशी उभे राहावे लागते.

पडदा कोणासाठी?

प्रथम त्या फोटोविषयी. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याशी संघर्षात आलेल्या, तसेच गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा वा ओळख पटेल असा अन्य तपशील कोणत्याही वृत्तपत्रात, मासिकात किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून प्रसिद्ध करण्यास त्याचे कलम ७४ मनाई करते. छायाचित्रही त्यातच आले. उल्लंघन करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलाच्या हिताचे असेल तर संबंधित मंडळ वा समिती लेखी कारणे देऊन परवानगी देऊ शकते. आपल्या उत्साहाला ती मुभा नाही.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पडदा अधिक जाड आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम २३ मुलाच्या नावासोबत कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजारही उघड करू देत नाही. ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच मर्यादा आणखी स्पष्ट केली. दूरान्वयानेही ओळख पटेल अशी माहिती छापील, दृक्‌श्राव्य वा समाजमाध्यमांतून देता येणार नाही, आणि पीडित व्यक्ती हयात नसली तरी सामान्यतः हाच नियम राहील, असे न्यायालयाने बजावले.

एवढी काळजी का घ्यावयाची? मूल वाढते, पण छापलेले नाव तिथेच राहते. आठव्या वर्षी ज्याच्यावर अन्याय झाला, ते मूल अठराव्या वर्षी महाविद्यालयात जाईल, पंचविसाव्या वर्षी नोकरी मागेल, पुढे संसार थाटेल. त्या प्रत्येक उंबरठ्यावर कोणी तरी जुना फोटो दाखवून "हाच ना तो?" असे विचारू लागला, तर जखम भरून यावी कशी? आपल्या आजाराची फाइल दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलेली आपल्याला चालत नाही. मुलाचे दुःख ही तशीच फाइल आहे. ती त्याची आहे, आणि कोणाला दाखवावयाची हे बहुतांशी त्यानेच, मोठे झाल्यावर, ठरवावयाचे आहे.

महाराष्ट्राचा जुना धडा

ही जाण आपल्याकडे कायद्याच्या फार आधीपासून आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना लोकलज्जेपायी जीव द्यावा लागे, किंवा नवजात अर्भकाचा जीव घ्यावा लागे, असा तो काळ. त्या घराची जाहिरात भिंतींवर उघडपणे लावण्यात आली होती. येणाऱ्या स्त्रीने मात्र गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी व्यवस्था होती. पंढरपुरात १८७५ च्या सुमारास याच हेतूने दुसरे गृह उभे राहिले आणि त्याचेही काम दीर्घकाळ चालले.

या व्यवस्थेतील शहाणपण पाहा. घर जाहीर होते आणि आश्रयास आलेली स्त्री गुप्त होती. कोण चालवतो, कोठे चालवतो, कशासाठी चालवतो, हे साऱ्या गावाला ठाऊक. तेथे कोण आले, हे मात्र कोणी सांगावयाचे नाही. दीडशे वर्षांनंतर आपण कित्येकदा याच्या नेमके उलटे वागतो. मुलांचे फोटो वर्तमानपत्रात आणि व्हॉट्सअॅपवर फिरतात, आणि संस्थेचा तपासणी अहवाल कपाटात कुलूपबंद असतो.

नागपूरचा एक खटला

नाव झाकूनही कारभार उघडा ठेवता येतो, याचे उदाहरण आपल्या शहरानेच देशाला दिले आहे. डिसेंबर २०१६ मध्ये नागपुरात एका बारा वर्षांच्या मुलीशी शेजारच्या वस्तीतील प्रौढ पुरुषाने गैरवर्तन केले. आईने पोलिसांत तक्रार दिली. २०२० मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपीस पोक्सोच्या कलम ८ खाली तीन वर्षांची शिक्षा सुनावली. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती बदलली. कपड्यांवरून झालेला स्पर्श हा प्रत्यक्ष त्वचेचा त्वचेशी संपर्क नसल्याने तो पोक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा अर्थ लावून भारतीय दंड संहितेतील सौम्यतर कलमांखालील शिक्षा तेवढी कायम ठेवण्यात आली.

निकालपत्र जाहीर दस्तऐवज असल्याने ते वकिलांनी, पत्रकारांनी आणि सामान्य पालकांनीही वाचले. काही दिवसांतच देशभर चर्चा उसळली. महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला आणि २७ जानेवारीस निकालाच्या त्या भागाला स्थगिती मिळाली. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठाने उच्च न्यायालयाचा अर्थ रद्द ठरवला. लैंगिक हेतू हा गुन्ह्याचा गाभा आहे, त्वचेचा स्पर्श नव्हे, हे तत्त्व देशातील प्रत्येक मुलासाठी प्रस्थापित झाले आणि आरोपीची मूळ शिक्षा पुन्हा लागू झाली.

या साऱ्या घडामोडीत त्या मुलीचे नाव तुम्हाला आणि मला ठाऊक झाले नाही, आणि ते ठाऊक नसल्याने आपले काही अडलेही नाही. न्यायाधीशांचा युक्तिवाद आपण तपासू शकलो, कारण तो उघड होता. समजा, "विषय मुलीचा आहे" या कारणाने निकालपत्रच गुप्त ठेवले असते, तर चूक दुरुस्त झाली असती का? मुलीचे नाव झाकलेले होते, म्हणून तिचे रक्षण झाले. निकाल उघडा होता, म्हणून पुढच्या हजारो मुलांचे रक्षण झाले.

पडदा संस्थेसाठी वापरला जातो तेव्हा

आता दुसरी बाजू. बिहारमधील निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाने केले. शंभराहून अधिक संस्था त्यांनी पाहिल्या आणि तेथील मुलांशी बोलून २०१८ च्या एप्रिलमध्ये अहवाल शासनाला दिला. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर गंभीर अत्याचार होत असल्याची नोंद त्यात होती. ३१ मे रोजी गुन्हा दाखल झाला. पूर्ण अहवाल लोकांपुढे येण्यास आणखी काही काळ लागला.

पुढे या प्रकरणी दोन न्यायालयीन आदेश निघाले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींच्या मुलाखती घेण्यास आणि त्यांची चित्रे, अगदी धूसर करूनही, दाखवण्यास बंदी घातली. त्याच महिन्यात पाटणा उच्च न्यायालयाने तपासाचे वार्तांकनच थांबवले. सर्वोच्च न्यायालयाने पहिला पडदा कायम ठेवला, आणि वार्तांकनावरील सरसकट बंदी २० सप्टेंबर रोजी उठवली. मुलीचा चेहरा झाकला जावा, तपास झाकला जाऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

खटला दिल्लीला वर्ग झाला आणि जानेवारी २०२० मध्ये एकोणीस जण दोषी ठरले. त्यांत जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारी आणि बालकल्याण समितीतील व्यक्तीही होत्या. म्हणजे ज्यांनी देखरेख ठेवावयाची, तेच गुन्ह्यात सापडले. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर बाहेरच्या डोळ्यांवाचून दुसरा उपाय उरत नाही. म्हणूनच "आमचे अधिकारी पाहून जातात, तुम्ही कशाला विचारता?" हे उत्तर पुरेसे मानता येत नाही.

आपल्या राज्यातील बदलापूरची घटना तर ताजीच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवण्यास झालेल्या विलंबाने पालक संतापले आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे स्थानकात उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि माहिती असूनही शाळेने ती वेळेवर का कळवली नाही, असा प्रश्न विचारला. शाळेची अब्रू आणि मुलाची अब्रू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाचवण्यासाठी दुसरीचे नाव पुढे केले जाते, तेव्हा सावध व्हावे.

काय विचारता येते?

बालगृह हे कोणाचे खाजगी घर नाही. बाल न्याय कायद्याखाली प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. कलम ५४ प्रमाणे तपासणी समितीने प्रत्येक संस्थेस किमान तीन महिन्यांतून एकदा भेट द्यावयाची असते. भेट देणाऱ्या पथकात किमान तीन सदस्य हवेत. त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, आणि अहवाल आठवड्याच्या आत सादर झाला पाहिजे. कलम ५३ प्रमाणे संस्थेची व्यवस्थापन समिती असते, आणि सहा वर्षांवरील मुले असलेल्या संस्थेत मुलांची स्वतःची बाल समितीही असावी लागते. जिल्ह्याची बालकल्याण समिती महिन्यातून किमान दोनदा निवासी संस्थांना भेटी देते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर या साऱ्यावर जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख अधिक थेट झाली आहे.

म्हणून देणगी देताना हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. नोंदणी प्रमाणपत्र केव्हापर्यंतचे आहे? तपासणी समिती शेवटची कधी आली? वैद्यकीय तपासणी किती दिवसांनी होते? किती मुलांसाठी परवानगी आहे आणि आज किती मुले आहेत? समुपदेशक आहे का? रात्रपाळीस कोण असते? मुलांना तक्रार करावयाची असल्यास पेटी कोठे आहे आणि ती कोण उघडतो? यांपैकी एकाही उत्तराने कोणत्याही मुलाची ओळख उघड होत नाही.

आणि हे प्रश्न विचारू नयेत. हा मुलगा इथे कसा आला? हिचे आई-वडील कोण? कोणाला काय आजार आहे? हिच्यावर काय प्रसंग गुदरला? कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे मुलाविषयीचे अहवाल गोपनीय आहेत. त्यांतील सारांश समितीला योग्य वाटल्यास ती मुलाला, त्याच्या पालकांना किंवा दुसऱ्या समितीला कळवू शकते. आपण त्या यादीत नाही. आपल्या कळवळ्यामुळे आपण त्या यादीत येत नाही, हे मोठ्या वयात पचवणे थोडे जड जाते, पण ते पचवले पाहिजे.

संस्थेने उत्तर दिले नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या या कायद्यात वैयक्तिक माहिती देण्यातून सूट आहे, आणि मुलांच्या बाबतीत ती असलीच पाहिजे. मात्र त्याच कायद्याचे कलम १० सांगते, की कागदाचा काही भाग देण्याजोगा नसेल, तर तेवढा भाग वगळून उरलेला द्यावा. आमच्या विषयाचे सारे सार मला या कलमात दिसते. नावे वगळा आणि बाकीचा कागद द्या. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळावे लागते.

जिथे उत्तर सोपे नाही

सगळीच प्रकरणे अशी सरळ दुभंगत नाहीत, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. लहान गावात एखाद्या संस्थेत दहाच मुले असतील आणि अहवालात "एका बारा वर्षांच्या मुलीस दवाखान्यात दाखल केले" एवढेच लिहिले असेल, तरी साऱ्या गावाला ती मुलगी कळते. अशा वेळी नाव वगळणे पुरेसे नसते. वय, तारीख, गाव हेही वगळावे लागते, आणि प्रसंगी तेवढे वाक्यच काढावे लागते. ते कोणी व कोणत्या कारणाने काढले, याची नोंद राहिली म्हणजे झाले.

दुसरा पेच दत्तकाचा. जन्मदात्या आईने विश्वासाने मूल सोपवले आणि आपले नाव गुप्त राहावे अशी अपेक्षा केली. पुढे मूल मोठे होऊन "मी कोणाचा?" असे विचारू लागले. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करू शकते. तिचा हा हक्क जन्मदात्या पालकांच्या खाजगीपणावर मात्र कुरघोडी करू शकत नाही. दोघांचीही बाजू खरी आहे. तुमच्या घरात दत्तक नातवंड असेल तर त्याला ही गोष्ट लहानपणापासून, प्रेमाने, त्याच्या आई-वडिलांच्या संमतीने सांगितली जावी. एखाद्या लग्नमंडपात दूरच्या आत्याकडून ती कळणे, यासारखा दुसरा घाव नाही.

तिसरी गोष्ट चांगल्या संस्थांची. अपुरे मनुष्यबळ आणि उशिरा येणारे अनुदान यांतून वाट काढत निष्ठेने काम करणारी माणसे विदर्भात पुष्कळ आहेत. एखाद्या अफवेने त्यांची वर्षांची पुण्याई मातीमोल होते, म्हणून ती दार लावून घेतात. पण वेळेवर झालेली आणि उघड ठेवलेली तपासणी हीच अफवेवरची उत्तम मात्रा आहे. प्रकाश आला की जळमटे दिसतात, हे खरे. घर स्वच्छ आहे, हेही प्रकाशातच दिसते.

आपल्या घरातील गुपित

वाचकहो, आतापर्यंत संस्थांविषयी बोललो. आता आपल्या माजघरात येऊ. आई-वडील नोकरीवर गेल्यावर घरात असतात ते आजी-आजोबा. शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून पहिल्यांदा ज्यांच्या कुशीत शिरते, ते तुम्हीच. त्यामुळे पुष्कळदा पहिले वाक्य तुमच्याच कानी पडते. "आजी, एक सांगू? पण कुणाला सांगू नको हं."

येथे घाईने शपथ घेऊ नये. मुलाला जवळ घेऊन शांतपणे सांगावे, "बाळा, मी हे सगळ्यांना सांगत सुटणार नाही. पण तुला सुखरूप ठेवायला ज्यांची मदत लागेल, त्यांना मात्र सांगीन. आणि सांगण्याआधी तुला सांगीन." मुलाचा विश्वास राखण्याची हीच रीत आहे. जे पाळता येणार नाही ते वचन देऊन नंतर मोडले, तर ते मूल पुन्हा कोणालाच काही सांगत नाही.

ऐकताना कपाळाला आठ्या घालू नयेत, "तू तिथे गेलीसच कशाला?" असे विचारू नये. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा फिरवून विचारू नये आणि उत्तर सुचवूही नये. मूल जे शब्द वापरील ते त्याच दिवशी, तसेच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवावेत. काही वेळा मूल बोलत नाही आणि शरीर बोलते. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, रोज सकाळी पोट दुखणे, झोपेत दचकणे, एखाद्या व्यक्तीचे नाव निघताच गप्प होणे, शाळेत वा शिकवणीला जाण्यास अचानक नकार देणे, ही लक्षणे इतर कारणांनीही दिसू शकतात. म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, आणि दुर्लक्षही करू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे आणि ते टाळणे हा गुन्हा आहे. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, असे आश्वासन तेच कलम देते. "पोलीस ठाण्याची पायरी कशी चढावी?" ही भीती ज्येष्ठांना वाटते. ती समजण्यासारखी आहे. पण कायद्याने मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी नोंदवता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने नोंदवावयाचा असतो, आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसतात. पालक किंवा मुलाला विश्वास वाटणारी व्यक्ती सोबत राहू शकते. ती विश्वासाची व्यक्ती म्हणजे तुम्हीही असू शकता. सुनावणीही बंद दाराआड होते.

ज्यांना सांगणे आवश्यक आहे ते मोजकेच. मुलाचे आई-वडील (संशय त्यांच्यापैकीच कोणावर नसेल तर), पोलीस किंवा बालकल्याण समिती, आणि डॉक्टर. ज्यांना सांगण्याची गरज नाही त्यांची यादी लांब आहे. शेजारच्या काकू, भिशीतल्या मैत्रिणी, सकाळच्या फिरण्याचा कट्टा, व्याही मंडळी आणि कुटुंबाचा व्हॉट्सअॅप गट. व्हॉट्सअॅपवर "या बाळाला न्याय द्या" म्हणून आलेला फोटो पुढे ढकलणे हेही ओळख उघड करणेच होय. हेतू शुद्ध असला तरी त्या फोटोतल्या मुलाचे नुकसान व्हावयाचे ते होतेच.

आणि तुमच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी दोन शब्द. असे गुपित एकट्याने वाहणाऱ्या आजीची झोप उडते, रक्तदाब चढतो, औषधाच्या वेळा चुकतात. मुलाचे नाव न सांगताही आपला भार आपल्या डॉक्टरांपाशी वा समुपदेशकापाशी हलका करता येतो. ते तुमचे बोलणे गोपनीय ठेवतात. गोपनीयतेचा आधार तुम्हालाही आहे.

हेच माप आपल्यालाही

उद्या आपल्यापैकी कोणी वृद्धाश्रमात राहावयास गेला, तर हीच कसोटी लावावी. आपल्या आजाराची, मुलांशी झालेल्या मतभेदांची आणि आपल्या बँकेच्या पुस्तकाची चर्चा तेथील पाहुण्यांसमोर होऊ नये. मात्र तेथे रात्री परिचारिका असते का, स्वयंपाकघराची तपासणी केव्हा झाली, तक्रार कोणाकडे करावयाची, हे भिंतीवर लिहिलेले असावे. ज्याला स्वतःसाठी हे हवेसे वाटते, त्याला मुलांसाठी ते मागणे जड जाऊ नये.

ध्यानात ठेवण्यासारखे

• मुलांसाठी २४ तासांची मदतसेवा : १०९८. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली ही सेवा आज देशभर आहे. तातडीच्या वेळी ११२. ज्येष्ठांसाठी १४५६७.

• बालगृहात वाढदिवस वा स्मृतिदिन साजरा करताना मुलांचे फोटो घेऊ नयेत. वाढलेल्या ताटाचा किंवा दिलेल्या वस्तूंचा घ्यावा.

• मुलाविषयी विचारू नये, संस्थेविषयी अवश्य विचारावे.

• "गोपनीय आहे" असे उत्तर आले की मनात एकच प्रश्न करावा. हा पडदा कोणाला झाकतो आहे, मुलाला की मोठ्यांना?

शेवटी त्या वर्षश्राद्धाची गोष्ट पुरी करते. घरी आल्यावर ह्यांनी संबंधित कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला. काही आठवड्यांनी तपासणी अहवालाची प्रत आली. मुलांची नावे होती तेथे तेथे काळ्या पट्ट्या ओढलेल्या होत्या, आणि आम्हाला त्यांचे समाधानच वाटले. त्या पट्ट्यांच्या मधल्या ओळी वाचता येत होत्या. वैद्यकीय भेट कित्येक महिने झालेली नव्हती. समुपदेशकाचे पद रिकामे होते. तो कागद घेऊन आम्ही पुन्हा बाईंकडे गेलो. भांडायला गेलो नाही. आमच्या ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाई दर महिन्याला येऊन जातील, चालेल का, एवढेच विचारले. बाई क्षणभर त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काकू, आम्हीही वर लिहून थकलो होतो."

पुढच्या वर्षी आम्ही पंगत लहान केली आणि औषधांचा खर्च उचलला. तो मुलगा तेथेच होता. हात स्वच्छ होते. त्याचे नाव मला आजही ठाऊक नाही.